कॅज्युअल्टीत आधी कोण? ट्रायाज, परिचारिका आणि केसपेपरवरचे २० श्वास

रातपाळी
नमस्कार मंडळी. मी परिचारिका आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यावर २ वर्षं मेडिसिन वॉर्डात आणि नंतरची १३ वर्षं पुण्यातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत काढली. गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आम्ही आधी येऊन बसलो होतो, तरी मागून आलेल्याला आत घेतलं. ओळखीचा असणार." तिथे चार ओळी लिहायला घेतल्या आणि लांबतच गेल्या, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

कॅज्युअल्टीत नंबर कोण कधी आलं यावर लागत नाही. कुणाला थांबवलं तर चालेल आणि कुणाला नाही, यावर लागतो. ही निवड म्हणजे ट्रायाज. शब्द फ्रेंच, अर्थ निवडून वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे जखमींचा हुद्दा बघत नसे, जखम बघून आधी कुणाला हात लावायचा ते ठरवत असे. आज तेच काम दारात उभी असलेली सिस्टर करते. हातात केसपेपर, समोर रिक्षातून उतरलेला माणूस, मागे चार नातेवाईक एकदम बोलताहेत, आणि तिच्याकडे असतात जेमतेम दोन-तीन मिनिटं.

पद्धती बऱ्याच आहेत. मी शिकले ती ईएसआय (इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स), १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तयार झालेली, पाच पातळ्यांची. तिचा सांगाडा सोपा आहे. पहिला प्रश्न, या माणसाला जगवण्यासाठी आत्ता या क्षणी काही करावं लागणार आहे का? असेल तर पातळी १. नसेल तर दुसरा, याला थांबवणं धोक्याचं आहे का? बोलण्यात गोंधळ, ग्लानी, असह्य वेदना? मग पातळी २. तेही नसेल तर अंदाज बांधायचा की याला किती गोष्टी लागतील. रक्ताची तपासणी, एक्स-रे, सलाईन वगैरे. दोन किंवा जास्त लागतील तर ३, एकच लागेल तर ४, काहीच नाही तर ५. आणि ३ लिहिण्याआधी एकदा आकडे बघायचे. मोठ्या माणसाची नाडी १०० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, किंवा ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली असेल तर थांबायचं आणि याला २ मध्ये घ्यायला हवं का, याचा पुन्हा विचार करायचा.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही पुढचं घडलं.

गौरीजेवणाची संध्याकाळ होती. एका रुग्णालयात (नाव नको) माझी ट्रायाजला ड्युटी. साठीच्या आतबाहेरच्या एक काकू सुनेबरोबर आल्या. नऊवारी तशीच नेसलेली, सकाळपासून पाहुण्यांची उठबस केलेली. "काही नाही गं, पुरणाने गॅस धरलाय, वरपोटात दाटल्यासारखं होतंय." पंधरा वर्षांची साखर. नाडी ९६, रक्तदाब ११०/७०, ऑक्सिजन ९७, श्वास २०. मी हिरवा, म्हणजे थांबलं तरी चालेल असा, स्टिकर लावला आणि बाकावर बसवलं. त्या दिवशी अपचनाचे किती जण येऊन गेले होते. पन्नास मिनिटांनी सून ओरडली. काकू बाकावरच कलंडल्या होत्या, अंगावर दरदरून घाम. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा मोठा झटका. तिसऱ्या दिवशी आयसीयूत त्या गेल्या.

नंतर आमच्या परिसेविका बाईंनी केसपेपर समोर ठेवला आणि एवढंच विचारलं, "हे २० तू मोजलेस की लिहिलेस?"

लिहिले होते. त्या रात्री मी घरी जाण्याआधी आमच्या पाळीचे सगळे केसपेपर काढून बघितले. चौदापैकी चौदांवर श्वास २०. दम्याच्या मुलीवर २०, पाय मुरगळलेल्या कॉलेजच्या पोरावर २०, तापाने फणफणलेल्या आजोबांवर २०. जो आकडा आम्ही सगळ्याजणी न मोजता लिहितो तो नेमका कुंपणाच्या आतला आहे. एकाने वाढला असता तर दोनदा विचार करावा लागला असता.

म्हणून हा धागा. ट्रायाजचं ज्ञान आणि ट्रायाजचं कसब यात फार अंतर आहे. रंग कुठला कशासाठी हे परीक्षेत सगळ्या बरोबर लिहितात. दारात उभं राहून पूर्ण एक मिनिट एका माणसाच्या छातीकडे बघणं कुणी करत नाही, आणि करायला वेळही देत नाही. इथे परिचारिका असाल, डॉक्टर असाल, किंवा बाकावर बसून वाट पाहिलेले नातेवाईक असाल, तर लिहा.

कोथरूडचा बाबा
ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण माझा राग सांगतोच. माझ्या ४ वर्षांच्या मुलीला १०३ ताप. रात्री दहाला पोहोचलो, पावणेबाराला डॉक्टरांनी बघितलं. मधे एक मध्यमवयीन गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आले, आणि दोन मिनिटांत आत. मुलगी माझ्या खांद्यावर कण्हत होती. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की का थांबायचं. त्या दोन तासांत आम्हा नवराबायकोचं काय झालं असेल याची कल्पना करा.

रातपाळी
@कोथरूडचा बाबा, कल्पना करावी लागत नाही, रोज बघते. तुमचा राग रास्त आहे. चूक थांबवण्यात होती की नाही ते मी इथून सांगू शकत नाही. न सांगण्यात मात्र नक्की होती.

मुलांच्या बाबतीत तापाचा आकडा एकटा रंग ठरवत नाही. १०३ ताप असून मूल पाणी मागतंय, आईकडे झेपावतंय, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, तर ते थोडं थांबू शकतं, तापाचं औषध बाकावरच द्यायला हवं. उलट १०० च्या जरा वर ताप असलेलं दोन महिन्यांचं बाळ दूध ओढत नसेल तर ते एक मिनिटही बाहेर नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांच्या ट्रायाजमध्ये दोन महिन्यांखालचं बाळ असणं हेच प्राधान्याचं कारण धरलेलं आहे. सुस्त किंवा सारखं चिडचिडं मूल, फिकटपणा, भाजणं, विषबाधा, दुसरीकडून चिठ्ठी घेऊन पाठवलेलं मूल, ही सगळी रांगेच्या पुढे.

आणि श्वास. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो जलद. गावातल्या आशाताईंना हे शिकवलेलं असतं, पूर्ण मिनिट मोजायचं, बाळ शांत असताना, पोट उघडं करून. मुळशीतल्या एका आशाताईंना मी असं मोजताना बघितलंय, एका हाताने आईला "बोलू नको" अशी खूण करत. आणि आम्ही शहरात, डोक्यावर मॉनिटर असताना, २० लिहितो.

आता चालत आलेल्या गृहस्थांबद्दल. मला माहीत नाही त्यांना काय होतं. पण छातीत दुखतंय म्हणत चालत येणारी माणसं असतात, आणि त्यांचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा.

इमर्जन्सीवाला
मी इमर्जन्सी मेडिसिनमध्ये काम करतो, पिंपरी-चिंचवडकडे. धागा वाचून बरं वाटलं. काही गोष्टींची भर घालतो.

श्वासाचा वेग हा शरीराने दिलेल्या सगळ्यात लवकरच्या इशाऱ्यांपैकी एक असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला, साखर वाढून रक्तात आम्लता झाली, फुप्फुसात गुठळी गेली, हृदय थकून फुप्फुसात पाणी साचू लागलं, तर श्वास आधी वाढतो. रक्तदाब नंतर पडतो, आणि तरुण माणसात तर फारच उशिरा. बोटावरचा ऑक्सिजन बऱ्याचदा शेवटपर्यंत बरा दिसतो. त्यात बोटं थंडगार असतील, नखाला गडद रंग असेल तर आकडा आणखी फसवतो. नाडीवरही डोळे झाकून विश्वास नको. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे आतून रक्तस्राव होत असलेल्या आजोबांची नाडी ७८ असू शकते. म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत हा प्रश्न ट्रायाजलाच विचारायचा.

तुमच्या काकूंबद्दल. मधुमेही, वयस्कर आणि विशेषतः स्त्रियांमध्ये झटका छातीत दुखल्याशिवायही येऊ शकतो. दम, मळमळ, घाम, जबडा किंवा वरपोट जड. मी जिथे आहे तिथे आम्ही असं ठरवलं आहे की चाळिशीपुढच्या कुणीही "गॅस" म्हटलं की सिस्टरने डॉक्टरला न विचारता ईसीजी काढायचा आणि कागद थेट माझ्या हातात द्यायचा. मी टाके घालत असलो तरी. हा अधिकार लेखी दिलेला आहे. लेखी नसेल तर नवी मुलगी काढत नाही, कारण उद्या कुणी विचारलं "कुणाला विचारून काढलास" तर तिच्याकडे उत्तर नसतं.

चुका दोन्हीकडून होतात. गंभीर माणसाला हलका रंग दिला तर तो जातो, हलक्याला गंभीर रंग दिला तर खाट अडते. अपघातग्रस्तांच्या बाबतीत अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी पहिली चूक ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हटलंय आणि दुसरी २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतलीय. म्हणजे शंका असेल तर वरचा रंग द्या. त्याबद्दल सिस्टरला बोलणी बसता कामा नयेत. प्रत्यक्षात बसतात. "एवढ्याशासाठी रेड केलं?" हे वाक्य मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका सिस्टरला सगळ्यांसमोर बोललो होतो. त्यानंतर सहा महिने तिने कुणालाच रेड केलं नाही. ती भरपाई मी अजून करतोय.

दूरदेशी
मी मूळची सदाशिव पेठेतली, आता इंग्लंडमध्ये ए अँड ई मध्ये, म्हणजे तिथल्या कॅज्युअल्टीत, नर्स आहे. इथे मँचेस्टर पद्धत वापरतो. रुग्ण जी तक्रार सांगेल तिचा तक्ता उघडायचा, असे पन्नासच्या आसपास तक्ते आहेत, आणि वरून खाली प्रश्न विचारत यायचं. जिथे "हो" येईल तो रंग. लाल म्हणजे लगेच, नारिंगी १० मिनिटं, पिवळा ६०, हिरवा १२०, निळा २४०. वेळेचा आकडा रंगाला बांधलेला असल्यामुळे उशीर झाला की तो संगणकावर दिसतो. इथेही लोक तासन् तास खोळंबतात, ते काही सुटलेलं नाही. पण माझ्या विभागात नव्या नर्सला ट्रायाजच्या खुर्चीत बसवत नाहीत. आधी काही महिने आतल्या खाटा, मग अनुभवी नर्सच्या शेजारी बसून रंग द्यायचे, तिने ते तपासायचे, मग एकटीने.

पुण्यात असताना मला पासआऊट झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात दारात उभं केलं होतं. "आत काही जमणार नाही, तू बाहेर बीपी घे." सगळ्यात नवी ती दारात, हा उलटा हिशोब अजून तसाच आहे का?

रातपाळी
@दूरदेशी, बऱ्याच ठिकाणी तसाच आहे. आणि जी शिकते, हात बसतो, तिला दोन वर्षांत गल्फ नाहीतर तुमच्याकडची वाट मिळते. तिच्यावर रोष नाही. इथे बाँड आणि पगार बघता कुणीही जाईल.

कसबा_पेठ
माझा प्रश्न साधा आहे. पाच पातळ्या, पन्नास तक्ते, हे सगळं सहा खाटांच्या कॅज्युअल्टीत चालतं का? मी एका छोट्या ट्रस्टच्या रुग्णालयात ब्रदर आहे. रात्री आम्ही दोघं, एक सीएमओ (कॅज्युअल्टीचे डॉक्टर), एक मामा (वॉर्डबॉय). त्यातला एक जण अ‍ॅडमिशन वर सोडायला गेला की मी एकटा. एम्स दिल्लीचा तीन रंगांचा प्रोटोकॉल आम्ही भिंतीवर लावला आहे, लाल-पिवळा-हिरवा. आम्हाला तो पुरतो. आत, बाहेर, आणि लक्ष ठेव. यापेक्षा बारीक चाळण लावून मी काय करू, माझ्याकडे तेवढ्या खाटाच नाहीत.

दूरदेशी
@कसबा_पेठ, मला तीन रंग धोक्याचे वाटतात, कारण सगळी गर्दी पिवळ्यात जमते. पिवळ्यातला जो नारिंगी आहे तो त्यात हरवतो.

कसबा_पेठ
हरवतो, मान्य. पण तो शोधायला तक्ता नको, दर पंधरा मिनिटांनी बाकापाशी चक्कर मारणारा माणूस हवा. तो माणूस द्या, मी तीन रंगांतच चालवून दाखवतो.

रातपाळी
या वादात मी निम्मी कसबा पेठेकडे आहे. काकूंना मी पाचही पातळ्या पाठ असताना चुकवलं. पण त्यापेक्षा मोठी चूक दुसरी होती, ती पन्नास मिनिटं. रंग देऊन झाला की आमच्या डोक्यातून तो माणूस निघून जातो. रंग हा त्या मिनिटाचा असतो. हिरवा अर्ध्या तासात लाल होऊ शकतो, आणि होतो. पुन्हा बघणं कुठल्याच तक्त्यात आपोआप होत नाही. आता मी केसपेपरच्या कोपऱ्यात पुढची वेळ लिहिते. ९:४० ला बघितलं तर १०:१० लिहायचं, गोल करायचा. पाळी बदलताना ओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, खाटांवरचे रुग्ण सांगतो तसे बाकावरचेही सांगायचे. रात्री आठच्या बदलीत बाकावरची माणसं कुणाचीच नसतात, ना गेलेल्या सिस्टरची ना आलेल्या.

सिंहगड_रोडकर
वाचता वाचता अंगावर काटा आला. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, किरकटवाडी, नांदेड, धायरीकडे, जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली तेव्हा माझ्या भावाला घेऊन गेलो होतो. आठ दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, थांबले होते. मग पायांत मुंग्या, जिना चढवेना. पहिल्या ठिकाणी "अशक्तपणा आहे, ओआरएस द्या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी दारातल्या सिस्टरने त्याला एकच गोष्ट करायला सांगितली. मोठा श्वास घे आणि एका दमात आकडे म्हण. तो चौदाला थांबला. तिने व्हीलचेअर मागवली आणि आम्हाला काही न विचारता आत नेलं. ऑक्सिजन ९८ होता. दोन दिवसांनी त्याला व्हेंटिलेटर लागला. आज तो चालतोय, दांडेकर पुलापर्यंत स्कूटर घेऊन जातो. त्या सिस्टरचं नाव मला अजून माहीत नाही. मला तेव्हा तो आकड्यांचा प्रकार कळला नव्हता. कुणी सांगाल?

इमर्जन्सीवाला
@सिंहगड_रोडकर, त्या सिस्टरला सलाम. जीबीएसमध्ये नसांवर सूज येते, अशक्तपणा पायांकडून वर चढतो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. फुप्फुसं चांगली असतात, त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत ठीक दिसतो. भाता हलवणारे हात दमलेले असतात. एका दमात निरोगी माणूस सहज ३०-४० च्या पुढे मोजतो. २० च्या आत अडखळला तर धोका. दुसरी खूण मान. उशीवरून डोकं उचलून धरता येत नसेल तर श्वासाचे स्नायूही दमताहेत असं समजायचं. त्या साथीत संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले होते, काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला होता. त्यामुळे जुलाबाची आठवण विचारणंही दारातच हवं होतं. "गेल्या तीन-चार आठवड्यांत पोट बिघडलं होतं का?" या एका प्रश्नाने अशक्तपणाचा अर्थ बदलतो.

जुन्नरी
आमच्याकडचं एक सांगतो, कारण रुग्ण शेवटी पुण्यालाच येतात. पावसाळ्यात मण्यार चावतो तो रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही. पहाटे माणूस उठतो ते पोटात कळ, उलटी, घसा धरलाय. घरचे म्हणतात शिळं खाल्लं. माझ्या चुलत भावाला तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन देऊन बसवलं होतं. मावशीच्या लक्षात आलं की त्याच्या पापण्या वर जात नाहीयेत, दारू प्यायल्यासारखं बोलतोय. तिथून पळवला. प्रतिविष मिळालं म्हणून वाचला.

रातपाळी
@जुन्नरी, हे मी प्रिंट काढून आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवणार आहे. पावसाळा, पहाट, पोटदुखी, जमिनीवर झोपणं आणि जड पापण्या. शहरातल्या मुलींना हे सुचत नाही, कारण त्यांनी शेतघर बघितलेलं नसतं. आमच्याकडे बांधकामाच्या साइटवरचे मजूर येतात, तेही जमिनीवरच झोपतात.

निवृत्त_परिसेविका
मुलींनो, ३४ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवार संध्याकाळ. जर्मन बेकरीचा स्फोट. जखमी शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत गेले, काही आमच्याकडे आले. आधी कोण आले सांगू? जे चालू शकत होते ते. रिक्षाने, कुणाच्या तरी गाडीने, कानांना दडे बसलेले, हातावर काचा, प्रचंड घाबरलेले, मोठ्याने ओरडणारे. आम्ही सगळ्या त्यांच्यावर तुटून पडलो. खाटा भरल्या. आणि मग स्ट्रेचरवरचे आले, जे ओरडत नव्हते.

आपत्तीत नियम उलटा होतो हे मला पुस्तकातून माहीत होतं. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये तयार झालेली स्टार्ट पद्धत मी पुढे शिकवलीही आहे. चालता येतंय तो हिरवा, बाजूला उभा करा. श्वास नाही, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा केला, तरी नाही, तो काळा, पुढे चला. श्वास ३० च्या वर, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त, लाल. "माझा हात दाबा" म्हटलेलं समजत नाही, लाल. उरलेले पिवळे. एकेकाला अर्धं मिनिट. रोजच्या कॅज्युअल्टीत नाडी थांबलेल्या माणसासाठी आपण सगळं सोडून धावतो. तिथे त्याला सोडून पुढे जायचं असतं, कारण तेवढ्या वेळात तीन लाल वाचतात. हे वाक्य वर्गात लिहून घ्यायला सोपं आहे. माझ्या हातून त्या संध्याकाळी ते झालं नाही. मी एका मुलापाशी थांबले. किती वेळ ते मला आठवत नाही. मागे कुणी जास्त वेळ थांबलं का हेही मला कधी कळलं नाही.

म्हणून सराव पाहिजे. वर्षातून एकदा फोटो काढण्यापुरता मॉकड्रिल नको. पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा, विसर्जनाच्या दिवशी, आपल्याकडे गर्दी ठरलेल्या तारखेला येते. त्याआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं जरी केलं तरी हात बसतो.

पाटी_पेन्सिल
बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. आमच्याकडे ट्रायाज हा विषय अभ्यासक्रमात आहे, मुली गुण चांगले मिळवतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आपत्कालीन आणि आपत्ती परिचर्येचा पदविका अभ्यासक्रमही आहे, पण नोकरी सांभाळून तो करणाऱ्या थोड्या. मग मी काय करते ते सांगते. दर गुरुवारी दहा कागदी रुग्ण. वय, तक्रार, आकडे, एका ओळीचं वर्णन. दोघी-दोघींनी वेगवेगळं बसून रंग द्यायचे आणि मग ताडून बघायचं. जिथे रंग जुळले तिथे आम्ही थांबत नाही. जिथे जुळले नाहीत तिथेच तास जातो. का जुळले नाहीत? एकीला वर्णनातला "घाम" दिसला, दुसरीला नाही. एकीने "बाई फार नाटक करतेय" असं मनात धरलं होतं. हे शेवटचं फार वेळा निघतं. रडणाऱ्या बायकांना, दारूचा वास येणाऱ्यांना, मनोरुग्णांना आणि मळक्या कपड्यातल्या माणसांना मुली हलका रंग देतात. दारूच्या वासाखाली डोक्याची इजा किंवा साखर कमी झालेली असू शकते. ग्लुकोमीटरला अर्धं मिनिट लागतं.

१०८_वरून
रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. विनंती एवढीच, आम्ही आधी फोन करून सांगतो तेव्हा ते कुणीतरी लिहून घ्या. कात्रजकडून अपघात घेऊन येताना बीपी, नाडी, ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे त्याचे गुण) सगळं सांगितलेलं असतं. दारात पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो, "पेपर काढला का?" खिडकीवर नाव, वय, आधार, मग रुग्णाकडे नजर. आधी नजर, मग नाव, असं का होत नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की जखमीला वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. एमएलसीची (पोलीस केसची) वही पळून जात नाही.

रातपाळी
@१०८_वरून, खिडकी आणि ट्रायाज यांची जागा आम्ही शेवटी बदलून घेतली. वर्षभर अर्ज केले. टेबल उचलून दारात आणलं, एवढंच. पण त्यासाठी प्रशासन, बिलिंग आणि सुरक्षा अशा तीन विभागांच्या सह्या लागल्या.

@कोथरूडचा बाबा, तुमच्या पोस्टनंतर मी माझं वाक्य बदललं, ते सांगायचं राहिलं. आधी मी म्हणायची, "बसा, डॉक्टर येतील." आता म्हणते, "मी बाळाला बघितलंय. आत्ता धोका दिसत नाही. आत एक जण जास्त आजारी आहे म्हणून थांबायचंय. अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन परत बघेन. तोवर बाळ पेंगायला लागलं, पाणी घेईना, किंवा धाप लागली तर माझ्या नावाने हाक मारा." आणि नाव सांगते. मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, दारावर त्याची पाटीही आहे. पाटीचा मला आधार वाटतो, पण ओरडणारा माणूस शांत होतो तो या वाक्याने.

कोथरूडचा बाबा
धन्यवाद ताई. हे वाक्य मला त्या रात्री हवं होतं. एवढं कुणी बोललं असतं तर पावणेबारापर्यंतही थांबलो असतो.

जीएनएम_तिसरं_वर्ष
मी विद्यार्थिनी आहे, पुढच्या आठवड्यापासून कॅज्युअल्टी पोस्टिंग आहे. एक शंका. मोजतोय असं कळलं की रुग्ण श्वास बदलतात. मग कसं मोजायचं? आणि ड्युटीवर मोबाईल वापरू देत नाहीत.

रातपाळी
@जीएनएम_तिसरं_वर्ष, मनगट धरायचं, नाडी मोजल्यासारखं. ३० सेकंद नाडी मोजायची, मग मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर न्यायची. पूर्ण एक मिनिट. साडी किंवा शाल असेल तर हात हलकेच रुग्णाच्या पोटावर ठेवून त्या हाताकडे बघायचं. मधे कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही, नंतर माफी मागायची. घड्याळ सेकंदकाट्याचं, खिशाला लावायचं मिळतं तसं घे. लक्ष्मी रोडला मिळेल.

आणि एकदा आकडा आला की तो तसाच लिही. १७ आले तर १७, २३ आले तर २३.

जीएनएम_तिसरं_वर्ष
धागा वर काढते आहे. काल रात्रीचं सांगायचं होतं. एक आजोबा, नातू घेऊन आला, "दोन दिवस जेवत नाहीत." ताप नाही, ऑक्सिजन ९५, बीपी बरं. शांत बसले होते. मोजले तर ३२. मला वाटलं चुकलं. सीएमओ सरांना सांगितलं, ते म्हणाले परत मोज. परत मोजले, ३०. सर उठून आले.

रातपाळी
दुसऱ्यांदाही पूर्ण मिनिट?

जीएनएम_तिसरं_वर्ष
हो, पूर्ण. एक्स-रेत उजवीकडे न्यूमोनिया निघाला. आयसीयूत हलवले. सकाळी माझी ड्युटी संपली तेव्हा नातू बाहेर बाकावर झोपला होता. आज परत रात्रपाळी आहे, गेल्यावर आधी वर जाऊन बघते.